माणिकबाग राजवाड्यातील दिवे व फर्निचर

माणिकबाग राजवाड्यातील दिवे व फर्निचर हा इंदूरच्या होळकर संस्थानातील माणिकबाग राजवाड्यासाठी १९३० च्या दशकाच्या आरंभी तयार करवून घेतलेल्या आधुनिकतावादी वस्तूंचा संच होय. राजवाड्याचे वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस (१९०४–१९८९) यांनी इमारतीबरोबरच तिच्यातील दिव्यांचे आणि बऱ्याचशा फर्निचरचे आराखडेही स्वतः तयार केले. १९८० मधील लिलावानंतर हा संच विखुरला असून त्यातील वस्तू आज जगभरातील संग्राहकांकडे व संग्रहालयांत आढळतात.

पार्श्वभूमी

होळकर हे मूळचे पुणे जिल्ह्यातील होळ गावचे मराठी घराणे. यशवंतराव होळकर दुसरे (१९०८–१९६१) हे १९२६ मध्ये इंदूरच्या गादीवर आले व १९३० मध्ये त्यांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले. ऑक्सफर्ड येथे शिकत असताना त्यांचा मुथेसियस यांच्याशी परिचय झाला. मुथेसियस यांचे वडील हेर्मान हेही वास्तुविशारद होते. कला आणि कारखानदारी यांची सांगड घालण्यासाठी १९०७ मध्ये जर्मनीत स्थापन झालेल्या ‘वेर्कबुंड’ या संस्थेच्या संस्थापकांत त्यांचा समावेश होता. यशवंतराव व महाराणी संयोगिताराजे यांच्यासाठी बांधलेला माणिकबाग राजवाडा १९३३ मध्ये पूर्ण झाला. त्याचे अनेक भाग जर्मनीत तयार करवून जहाजाने भारतात आणण्यात आले होते.

दिव्यांची रचना

मराठी वाड्यांतून समई, लामणदिवा यांसारखे तेलाचे दिवे वापरात होते. एकोणिसाव्या शतकात संस्थानिकांच्या राजवाड्यांत युरोपीय काचेच्या हंड्या व झुंबरे आली. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याच्या जयविलास राजवाड्यातील (१८७४) दरबार सभागृहाची प्रचंड झुंबरे प्रसिद्ध आहेत. होळकरांचा इंदूरमधील लालबाग राजवाडाही अशाच युरोपीय धाटणीने सजवलेला आहे. अशा राजवाड्यांत झुंबर हे प्रकाशाचे साधन असते, तसेच वैभवाचे प्रदर्शनही असते.

माणिकबागेत मुथेसियस यांनी ही परंपरा बाजूला ठेवली. त्यांचे दिवे धातू व काच यांचे, सरळ रेषांचे आणि नक्षीविरहित आहेत. वाचनालयातील खुर्च्यांमध्ये तर त्यांनी दिवे खुर्चीतच बसवले. त्यामुळे वाचणाऱ्याला उजेडासाठी वेगळा दिवा जवळ ओढावा लागत नसे. खोली, फर्निचर व उजेड यांचा एकत्रित विचार हे या रचनेचे मुख्य वैशिष्ट्य मानले जाते.

वास्तुविशारदांनी दिव्यांचे आराखडे करण्याची प्रथा त्याच काळात इटलीतही रुजत होती. जिओ पोंती यांनी १९३१ मध्ये काचेच्या आडव्या चकत्यांचा टांगता दिवा रचला. पुढे १९६२ मध्ये अकिले व पिएर जाकोमो कास्तिल्योनी या वास्तुविशारद बंधूंचा ‘आर्को’ हा दिवा आला. हे दोन्ही इटालियन दिवे आजही उत्पादनात आहेत. याउलट माणिकबागेतील दिवे एकाच घरासाठी घडवलेले असल्याने त्यांची संख्या मर्यादित आहे आणि संग्राहकांच्या दृष्टीने त्यांचे मोल अधिक आहे. अशा वस्तूंच्या बाबतीत ती नेमकी कोणत्या घरातून आली, या पूर्वेतिहासालाही किंमत असते.

इतर वस्तू

राजवाड्यासाठी फ्रान्समधील नामवंतांकडूनही वस्तू घेण्यात आल्या. त्यांत एमिल-जाक रुलमान यांचे मेज, आयलीन ग्रे यांची ‘ट्रान्सॅट’ आरामखुर्ची, लुई सोन्यो व शार्लोत अलिक्स यांचे फर्निचर आणि इव्हान दा सिल्व्हा ब्रुन यांचे गालिचे यांचा समावेश होता. शिल्पकार कोन्स्तांतिन ब्रांकुशी यांची ‘अवकाशातील पक्षी’ या मालिकेतील तीन शिल्पे महाराजांनी विकत घेतली. ती ठेवण्यासाठी इंदूरमध्ये एक ध्यानमंदिर बांधण्याचा बेतही होता, परंतु तो प्रत्यक्षात आला नाही.

विखुरणे

महाराणी संयोगिताराजे यांचे १९३७ मध्ये निधन झाले. १९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि १९६१ मध्ये यशवंतराव निवर्तले. मे १९८० मध्ये सदबीज या लिलावसंस्थेने मोनाको येथे माणिकबागेतील वस्तूंचा लिलाव केला. या विक्रीमुळे मुथेसियस यांच्या कामाकडे संग्राहकांचे लक्ष वेधले गेले. त्याच वेळी, विशिष्ट खोल्यांसाठी रचलेल्या वस्तू त्या खोल्यांपासून कायमच्या दुरावल्या. दिव्यांच्या बाबतीत हे नुकसान विशेष जाणवते, कारण खुर्ची कोठेही ठेवली तरी खुर्चीच राहते, परंतु दिव्याचा उजेड ज्या भिंतींसाठी व छतासाठी योजला होता, त्यांच्याविना त्याच्या रचनेचा हेतू पूर्णपणे उमगत नाही. आता ही जुळणी समजून घेण्यासाठी त्या काळची छायाचित्रे व आराखडे यांचाच प्रामुख्याने आधार घ्यावा लागतो.

सद्यस्थिती

माणिकबागेची इमारत इंदूरमध्ये अस्तित्वात असून तीत केंद्रीय अप्रत्यक्ष कर विभागाचे कार्यालय आहे. सप्टेंबर २०१९ ते जानेवारी २०२० या काळात पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयात यशवंतरावांच्या संग्रहावर आधारित प्रदर्शन भरले होते. त्यात विखुरलेल्या अनेक वस्तू पुन्हा एकत्र पाहावयास मिळाल्या.