वाडा, विस्तव आणि जयणा



मागच्या उन्हाळ्यात भाचीला शनिवारवाडा दाखवायला नेलं होतं. दिल्ली दरवाज्याचे खिळे मोजून झाले, नगारखान्यावर जाऊन झालं. आत उतरल्यावर तिनं विचारलं, "मामी, वाडा कुठंय?" समोर नुसती जोती, कारंज्याचा हौद आणि हिरवळ. मी म्हटलं, "जळला." ती म्हणाली, "एवढा मोठा? कोणी विझवला नाही?"

तिला काहीतरी उत्तर देऊन टाकलं, पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. आमच्या स्वतःच्या घरी आग लागून गेली आहे, म्हणूनही असेल. आज दोन्हींबद्दल लिहिते.

पहिल्या बाजीरावांनी शनिवारवाड्याचा पाया घातला १० जानेवारी १७३० रोजी आणि वास्तुशांत झाली २२ जानेवारी १७३२ ला. खर्च आला १६,११० रुपये. अख्खा वाडा दगडी बांधायचा होता, पण दगडी महाल फक्त छत्रपतींनी बांधावा असा आक्षेप साताऱ्याहून आला, म्हणून जोत्यावरचं काम विटांचं झालं, अशी आख्यायिका पुण्यात सांगतात. आख्यायिका बाजूला ठेवली तरी बांधणी डोळ्यांना दिसते. खाली घडीव दगड, वर विटा, आणि आतला सगळा सांगाडा सागवानाचा. खांब, तुळया, कडीपाट, जिने, महिरपी, सगळं लाकूड. वर्षानुवर्षं वाळलेलं, वर तेलपाणी केलेलं.

हा सांगाडा एकट्या पेशव्यांचा नव्हता. आपल्या पेठांमधले वाडे असेच होते, उरलेले अजूनही आहेत. मधे चौक, भोवती सोपे, वर माडी, माडीवर कौलं. चौकातून उजेड येतो, वारा येतो, म्हणून उन्हाळ्यात वाडा थंड राहतो. पण खाली पेट घेतला तर तोच चौक धुराड्याचं काम करतो. ज्वाळा वर खेचल्या जातात आणि एकाच वेळी चारी बाजूंच्या लाकडाला भिडतात. शेजारच्या वाड्याची भिंत आपल्या भिंतीला लागून, बोळ एवढा अरुंद की समोरच्या गच्चीतून पापड मागता यावेत. अशा शहरात एका घराची आग एका घराची राहत नाही.

आणि पाणी? पुण्याला पाणी होतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून, नुसत्या उतारानं, शहरात आणलं होतं. पेठांतले हौद त्यावर भरत, शनिवारवाड्यातही ते खेळत होतं. पण हौदातलं पाणी वरच्या मजल्यावर न्यायचं ते घागरींनी आणि पखालींनी, माणसांच्या साखळीनं. खालच्या चौकातली आग अशी विझवता येते. माडीनं पेट घेतल्यावर नाही.

१८१८ मध्ये पेशवाई गेली. दुसरे बाजीराव पुणे सोडून पुढे बिठूरला राहिले आणि वाडा कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. याआधीही वाड्याला लहानमोठ्या आगी लागल्या होत्या, पण तेव्हा तो नांदता होता. दिवे मालवून फिरणारी माणसं होती, जळलेलं पुन्हा बांधणारे मालक होते. फेब्रुवारी १८२८ मध्ये मोठी आग लागली. ती सात दिवस धुमसत होती असं सांगतात. तट, दरवाजे, जोती राहिली. बाकी सगळं गेलं आणि ते पुन्हा बांधायला कोणी उरलं नव्हतं.

आता विश्रामबागवाड्याकडे या. दुसऱ्या बाजीरावांनी १८०७ च्या सुमारास बांधलेला, सुरूच्या आकाराच्या कोरीव खांबांचा. लक्ष्मी रोडवर साडी खरेदीला जाताना आपण वाटेत रोज पाहतो तो. मे १८७९ मध्ये एका रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा दोन्ही पेटले. आग लावलेली होती. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचे ते दिवस, त्यामुळे सरकारचा संशय साऱ्या पुण्यावर होता. बुधवारवाडा पूर्ण गेला. विश्रामबागची पूर्वेकडची बाजू जळली, पण ती पुन्हा उभी राहिली, लोकांनी वर्गणी काढली म्हणून. पुढे १९३० पासून काही दशकं नगरपालिकेची कचेरी त्याच वाड्यात होती.

म्हणजे पेटले तिन्ही वाडे. त्यातला एक आज उभा आहे, कारण आगीनंतर त्याला आपला म्हणणारी माणसं होती.

आता आमच्या घराकडे येते.

लग्न होऊन मी रविवार पेठेतल्या वाड्यात आले. खाली दुकान, वर आम्ही. सासूबाईंचा चौविहार. त्यांच्या काळात दिवस मावळायच्या आत स्वयंपाक, जेवण, भांडी सगळं उरकायचं आणि चूल शांत व्हायची. रात्री घरात विस्तव नाही. चूल पेटवण्याआधी सरपण झटकायचं, चूल पूजणीनं पुसायची, मुंगी-किडा आत नाही ना ते बघायचं. मी ऐकायचे आणि मनात म्हणायचे, गॅस आल्यावर याची काय गरज? जैनांच्या घरांना कमी आगी लागत होत्या असा दावा मी करत नाही. पण लाकडाच्या घरात, दिव्याच्या उजेडात, माणसं झोपायच्या आत चूल थंड झालेली असणं ही केवढी मोठी गोष्ट होती, ते मला फार उशिरा कळलं.

कारण आमच्याकडे विस्तव चुलीतून आला नाही, भिंतीतून आला. आणि बोलावला मीच. पुण्याचा उन्हाळा आता चाळिशीला टेकतो. माडीवर दुपारी बसवत नव्हतं, म्हणून मी हट्टानं एसी लावून घेतला. वाड्याची वायरिंग जुनी, लाकडी पट्टीवरून नेलेली, आणि फ्यूज सारखा जातो म्हणून त्यात कधीतरी जाड तार घातलेली. फ्यूज जातो तो आपल्याला वाचवायला. आम्ही त्याचंच तोंड बंद केलं होतं. एप्रिलमधल्या एका दुपारी जिन्याखालच्या बोर्डातून धूर आला आणि पाच मिनिटांत जिन्याच्या फळ्या धरल्या.

दुकानातल्या माणसानं मेन स्विच पाडला, १०१ ला फोन केला आणि कुंड्यांमधली माती ओतली. बंब येईपर्यंत जिना आणि मागची खोली गेली होती. माणसं सगळी सुखरूप. पण त्या खोलीत सासूबाईंच्या माहेरची पोथ्यांची पेटी होती. पेटी जळली नाही, पाण्यानं भरली.

त्या रात्री माझ्या धाकटीनं आजीला विचारलं, "आग विझवण्यातही तेउकाय जीवांची हिंसाच ना?" सासूबाईंनी तिला भगवती सूत्रातली कालोदायीची गोष्ट सांगितली. कालोदायी भगवान महावीरांना विचारतो, एक माणूस आग पेटवतो, दुसरा विझवतो, तर जास्त कर्मबंध कोणाला? भगवान म्हणतात, पेटवणाऱ्याला. कारण पेटवलेली आग तेउकाय तर वाढवतेच, पण पृथ्वी, पाणी, वारा, वनस्पती आणि हलतेचालते जीव, सगळ्यांना खाते. विझवणारा कमी दोषाचा. गोष्ट सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी मात्र खाली मान घालून ऐकत होते.

नंतरचे दोन महिने आवरण्यात गेले. त्यात जे शिकलो ते तुमच्या उपयोगी पडावं म्हणून सांगते. अग्निशमनवाले "जा" म्हणेपर्यंत आत पाऊल टाकू नका, जळलेल्या फळ्या पायाखाली तुटतात. काहीही हलवण्याआधी फोटो काढा, पंचनामा आणि अग्निशमन दलाचा दाखला मागून घ्या, विम्याला लागतो. उघडं अन्नधान्य, धूर लागलेली औषधं ठेवू नका. आणि काजळी ओल्या फडक्यानं पुसू नका. मी पुसली आणि आख्खी भिंत काळी केली. आधी कोरड्या मऊ ब्रशनं वरून खाली झटकायची, मग साबणाचं पाणी. त्यानंतरही नुसता रंग मारला तर डाग आणि वास वर येतात, आधी डाग दाबणारा प्रायमर लागतो.

पोथ्यांची पानं सुटी होती, तेच नशीब. सासूबाई आणि मी एकेक पान जुन्या सुती धोतरावर ठेवून, सावलीत, मंद पंख्याखाली वाळवलं. उन्हात नाही, इस्त्री नाही. काळी शाई टिकली. लाल अक्षरं पसरली. काही पानं एकमेकांना चिकटली ती आम्ही ओढली नाहीत, तशीच ठेवली. आठ दिवस त्या पानांशेजारी बसून होतो. "तू एसी मागितलास" हे वाक्य त्यांनी एकदाही उच्चारलं नाही. नवव्या दिवशी म्हणाल्या, "आता वायरमनला बोलाव. सगळी बदलून घे. आणि तुझा एसी लाव, पण त्याची वायर वेगळी घे." तेव्हा मला रडू आलं.

आता घरात नवी वायरिंग आहे, एमसीबी आहे, जिन्याखाली सामान ठेवत नाही. रद्दी, जुनी गादी, रिकामे डबे साठवण्याचा सोस होता तो कमी केलाय. परिग्रह जळायला सोपा असतो. कढईतलं तेल पेटलं तर पाणी ओतायचं नाही, गॅस बंद करून झाकण ठेवायचं, हे मुलींनाही पाठ आहे.

ज्ञानपंचमीला आपण पोथ्या बाहेर काढतो, झटकतो, नवं वेष्टन बांधतो. आमच्याकडे आता त्याच दिवशी सासूबाई हातात टॉर्च घेऊन मीटरचा बोर्ड, गॅसची नळी आणि तिच्यावरची तारीख तपासतात. माझ्या मते तीही जयणाच. आपल्या आज्या चूल पूजणीनं पुसायच्या, आपल्या चुली आता भिंतीत आहेत एवढंच.

पुढच्या वेळी भाची आली की तिला विश्रामबागवाडाही दाखवणार आहे. शनिवारवाड्यात तिनं काय गेलं ते पाहिलं. इथं काय सांभाळलं गेलं ते दिसेल.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.