गाभ्याची चांचणी

संगणकाच्या कारभाराचा गाभा म्हणजे कर्नेल. स्मृतीची वांटणी, यंत्रांची देखरेख, कोणत्या प्रोग्रॅमास किती वेळ द्यावयाचा याचा निवाडा, सारें तेथें चालतें. साधा प्रोग्रॅम चुकला तर तो एकटा बंद पडतो. कर्नेल चुकला तर सारें यंत्रच ठप्प होतें. तेव्हां त्याचा एकेक लहान भाग सुटा काढून तपासण्याची चाल येथें सर्वांआधीं पडावयास हवी होती. घडलें उलटें. लायनस टॉर्व्हाल्ड्स यांनीं हेलसिंकी येथें लिनक्स कर्नेल १९९१ सालीं प्रसिद्ध केला. अशा तपासणीची अंगभूत चौकट त्यास २०२० सालीं लाभली.

कारण शोधावयास दूर जावें लागत नाहीं. इतर प्रोग्रॅम कर्नेलच्या आधारानें उभे राहतात. कर्नेलनें कोणाच्या आधारानें उभें राहावें? दहा ओळी पडताळावयाच्या, तरी बहुधा सारा गाभा नव्यानें चालू करावा लागे. बाहेरून चांचण्या होत. परंतु आंत नेमकें काय फसलें, हें त्यांतून सहसा उमगत नसे. बराच भार जाणत्यांच्या नजरेवरच राही.

जेफ डाइक यांच्या यूझर मोड लिनक्समध्यें कर्नेलच साध्या प्रोग्रॅमप्रमाणें चालूं लागला. त्या सोयीचा लाभ घेऊन गूगलमधील ब्रेंडन हिगिन्स यांनीं केयुनिट रचलें. केंट बेक व एरिक गामा यांच्या जेयुनिटशीं त्याचें नातें नांवच सांगतें. लिनक्स ५.५ या आवृत्तींत तें आलें, तेव्हां ईएक्सटी-४ या फाइलव्यवस्थेच्या तारखांची चांचणीही सोबत आली. यंत्राचें घड्याळ न हलवितां, २४४६ सालच्या मे महिन्यांतील तारीख नीट वाचली जाते कीं नाहीं, हें क्षणांत दिसूं लागलें.