पहिली मूठ

आजी दळायला बसली की सुपातली पहिली मूठ जात्यात पडायची नाही. ती जायची भिंतीशी ठेवलेल्या मातीच्या गाडग्यात. पुढे गावात गिरणी आली, जातं पडवीच्या कोपऱ्यात गेलं, तरी डबा गिरणीला धाडण्याआधी आजीचा हात गाडग्याकडे वळायचाच. विचारलं तर म्हणायची, "ही विठुरायाची." बाकीच्या मुठी कोणाच्या, असं मी लहानपणी एकदा विचारलं होतं. "त्या बी त्याच्याच. पर ही ध्यानात राहावं म्हनून."

आमचं गाव मंगळवेढ्याच्या काळ्या रानातलं. मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात, २०१६ साली तिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं. इथला शाळू परतीच्या पावसावर पेरतात. पेरल्यावर पाऊस नाही आला तरी काळ्या मातीत मुरलेल्या ओलाव्यावर तो उभा राहतो. धान्य साठवायला पूर्वी पेवं असायची. जमिनीत खोल खड्डा, आतून कडब्याचं अस्तर, वर माती लिंपून तोंड बंद. वर्षावर्षांनी पेव उघडलं तर आतली कोंदलेली हवा जाऊ द्यावी लागे. दिवा सोडून बघायचा, तो विझला नाही तरच माणूस उतरायचा.

पेवाचं नाव निघालं की आजी दामाजीपंतांची गोष्ट सांगायची. महिपतींनी १७६२ साली पुऱ्या केलेल्या 'भक्तविजया'त ती आहे, पण आजीला ती कीर्तनातून मिळाली होती. दामाजीपंत बेदरच्या बादशहाचे मंगळवेढ्यातले अंमलदार. दुष्काळ पडला, माणसं मरायला लागली, तेव्हा त्यांनी सरकारी कोठारं लोकांना मोकळी केली. बादशहाचं बोलावणं आलं. दामाजी बेदरच्या वाटेला लागले, आणि त्यांच्या आधी विठू महार नावाचा एक माणूस दरबारात पोचला. त्याने सगळ्या धान्याचे पैसे मोजून दिले आणि पावती घेतली.

इथे आजी थांबायची. "देवाला राजा हून जाता आलं असतं. पर त्यो गेला महार हून. का गेला, सांग." मला उत्तर यायचं नाही. त्याच मंगळवेढ्यात गावकुसाच्या भिंतीखाली सापडून चोखोबा गेले, हे मला पुढे कळलं. ज्याला पंढरीच्या देवळात पाऊल टाकू दिलं नाही, त्याच्याच जातीचं रूप देवाने घेतलं, ही लोकांनी शतकानुशतकं जपलेली आठवण आहे. आजीला तिचा अर्थ कीर्तनात कळला नव्हता. तो तिला कळला खडीच्या ढिगावर.

१९७२ साल. आधीची दोन वर्षंही ओढीचीच होती, आणि त्या साली पावसाने पुरती पाठ फिरवली. विहिरींचे तळ दिसले, बैल कवडीमोलाने गेले. आजीच्या घरातली कणगी दिवाळीआधीच वाजायला लागली. मग रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी आली, मिलो. तिची भाकरी थापताना तुटायची आणि गिळताना घशात अडायची. सरकारने दुष्काळी कामं काढली: रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, खडी फोडणं. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रभर जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती. कालपर्यंत ज्यांच्या रानात दुसरे मजुरीला यायचे, ते पाटील-कुणबीही हातोडी घेऊन रांगेत बसले. त्यांत माझी आजी होती. पदरात चार लेकरं, तिसरे माझे वडील.

अशा दिवसांतही तिची सासू मिलोची पहिली मूठ गाडग्यात टाकायची. आजी ते कधी लपवायची नाही: "लई राग यायचा. लेकरं उपाशी, आन् म्हातारी देवाला मूठ घालती. वाटायचं, गाडगं फोडून टाकावं." सासू एवढंच म्हणायची, "हात आवळायची सवं लागली, की सुगीत बी सुटत न्हाई."

एके दिवशी आजीने आपली भाकरी पोरांना दिली आणि तशीच कामावर गेली. दुपारी हातातली हातोडी सुटली. शेजारी खडी फोडणारी बाई महारवाड्यातली. तिने फडकं सोडलं, भाकरीचे दोन तुकडे केले, वर मिरचीचा ठेचा ठेवला आणि एक तुकडा पुढे केला. आजीने तोवर त्या आळीतलं पाणीसुद्धा कधी तोंडाला लावलं नव्हतं. ती बघतच राहिली. बाई म्हणाली, "खा, वैनी. रिकाम्या पोटी दगडावर घाव घातला तर बोटं जात्याली."

आजीने खाल्लं. "तवा कळलं," ती म्हणायची, "माझी भूक मोठी न्हवती. माझा अडानीपना मोठा हुता."

पुढे पंधरवड्याची मजुरी लांबली. त्या बाईच्या घरात नवरा तापाने पडलेला. आजीने सासूला न विचारता गाडगं पदरात ओतलं आणि तिच्या दारात गेली. तिने धान्याकडे पाहिलं, मग आजीकडे. "दान आनलंयस का उसनं?" आजी गोंधळली. "उसनं," ती म्हणाली. "मग घेते. सुगीला फेडीन."

१९७३ चा पाऊस चांगला झाला. शाळू पेरला, थंडीत भरला. काढणीच्या मजुरीत त्या बाईला ज्वारी मिळाली आणि ती पायली भरून आजीच्या दारात आली. पांढऱ्या, टपोऱ्या दाण्यांची शिगोशीग पायली. गाडग्यातून गेलेल्या लाल मिलोपेक्षा कितीतरी जास्त. आजीच्या डोळ्यांपुढे बेदरचा दरबार उभा राहिला. धान्याचा हिशेब चुकता करायला आलेला विठू. तिने बाईचे हात धरले आणि म्हणाली, "तुझ्या रूपात इठ्ठल आला गं माझ्याकडं."

त्या घराने १९५६ नंतर जुने देव सोडले होते. भिंतीवर बुद्ध होते आणि बाबासाहेब होते. बाई म्हणाली, "इठ्ठल न्हाई आला, वैनी. मी आले."

आजीने ही गोष्ट मला अनेकदा सांगितली, आणि हे वाक्य एकदाही गाळलं नाही. ते सांगून ती थोडी गप्प बसायची, मग म्हणायची, "खरं हाय तिचं. भाकर तिची, हात तिचा. पर त्या दिशी तिला माझ्या शेजारी कुनी बसिवलं, ते मला ठावं हाय."

'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' अशी म्हण आपल्याकडे आहे. आजीच्या श्रद्धेला ती कधीच लागू पडली नाही. तिचा हरी खाटल्यावर देणारा नव्हता. तो कोठार उघडायला लावणारा होता, भाकरी मोडायला लावणारा होता. आणि दुसऱ्याने मोडलेली भाकरी, स्वतःची जात विसरून, घ्यायला लावणाराही होता. हे शेवटचं सगळ्यात अवघड, असं ती म्हणायची. देव पुरवील असं मानणं म्हणजे तो कोणाच्या हातून पुरवील हे आपण ठरवायचं नाही.

त्याच दुष्काळाच्या काळात राज्याने रोजगार हमी योजना आणली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या विसापुरात तिचा पहिला प्रयोग केला होता. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागणाऱ्याला काम मिळणं हा हक्क ठरला. मला त्यात दामाजींच्या उघड्या कोठाराची आणि त्या बाईच्या प्रश्नाची आठवण येते: दान, की हिशेबाने दिलेलं? उपाशी माणसालाही मान असतो, हे तिला शिकवावं लागलं नव्हतं.

आजी गेली. ते गाडगं आता माझ्या घरात, गव्हाच्या डब्याशेजारी आहे. दळण काढताना मी पहिली मूठ त्यात टाकते आणि आजीसारखंच म्हणते, "ही विठुरायाची." मग मनातल्या मनात त्या बाईचं नाव घेते.