चाक पाण्यावर चढतं तेव्हा

लातूर म्हटलं की तुम्हाला पाण्याची रेल्वे आठवणार. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून टाक्या भरून पाणी आलं आणि दुष्काळी गाव म्हणून आमची ओळख देशभर पक्की झाली. त्यामुळे लातूर-नांदेडच्या रस्त्यावर पाण्यामुळे गाडी घसरते असं सांगितलं की पुण्या-मुंबईचे मित्र हसतात. हसू द्या. आमच्याकडे पावसाचे दिवस थोडे, पण पडतो तेव्हा धो धो पडतो. काळी चिकण माती पाणी पिऊन फुगते, ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटून डांबरावर येते आणि रस्त्याला साबण लावल्यासारखं होतं. अहमदपूर, लोहा, चाकूर या पट्ट्यात पहिल्या पावसात गाडी चालवलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

आमच्या घरी एक प्रीमिअर पद्मिनी आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती नांदेडात जुनीच घेतली होती. आता ती माझ्याकडे आहे. तिला नवे टायर घालायचे ठरवलं आणि त्या निमित्ताने एक जुना हिशोब उघडला गेला.

आधी गाडीचा इतिहास. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून इटलीची फियाट ११०० डी तयार होऊ लागली. १९७४ मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद मागच्या चाकांना, चारही चाकांना ड्रम ब्रेक. टायरचं माप ५.२०-१४. म्हणजे रुंदी ५.२० इंच, जेमतेम १३२ मिलिमीटर. आजच्या गाड्यांपुढे ते चाक सायकलीचं वाटतं.

आमच्या भागात रबरी चाकाचा सार्वजनिक प्रवास त्याच्याही आधीचा. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता तेव्हा निजामाच्या रेल्वेने जून १९३२ मध्ये २७ बस घेऊन मोटारसेवा सुरू केली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६१ मध्ये इथली बससेवा आजच्या एसटी महामंडळात विलीन झाली. पुढे बरीच वर्षं आपल्याकडे राज्य होतं ते नायलॉन टायरचं.

नायलॉन टायर म्हणजे ज्यात धाग्यांचे थर एकमेकांवर तिरपे आडवेतिडवे टाकलेले असतात तो. बाजू टणक, खड्डे सोसणारी, जादा वजन झेलणारी. किंमत कमी, आणि गुळगुळीत झाला तर रिमोल्ड करून पुन्हा वापरता यायचा. पण वळणावर बाजू वाकली की तिच्यासोबत रस्त्याला टेकलेला भागही मुरडतो आणि पकड सुटायला लागते. मिशेलिनने १९४६ मध्ये रेडियल टायरचं पेटंट घेतलं. त्यात धागे या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ जातात आणि नक्षीच्या खाली पोलादी पट्टा असतो. बाजू लवचीक, पण तळवा रस्त्यावर सपाट राहतो. खड्ड्यांच्या, ओव्हरलोडच्या आणि रिमोल्डच्या देशात रेडियलला रुळायला वेळ लागला. गाडी नवी असो वा जुनी, लहान गावात दुकानदार जे देईल ते घालायचं, अशीच रीत होती.

आता तो जुना हिशोब.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीची जाड भिंतींची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो माणसं गेली. पुढच्या दिवसांत पावसाने मदतकार्याचे हाल केले. अण्णा आणि काका पद्मिनीत घोंगड्या, चादरी आणि पावाची पाकिटं भरून नांदेडहून निघाले. लातूर, औसा, लामजना, मग किल्लारीच्या अलीकडे एका वस्तीची कच्ची वाट. चिखलात मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. अण्णांनी सगळ्यांना माहीत असलेली युक्ती केली, चारही चाकांतली हवा सोडली. हवा कमी झाली की टायर पसरतो, मऊ जमिनीवर जास्त जागा धरतो, कमी रुततो. गाडी निघाली.

परतताना मागच्या सीटवर एक जखमी आजी आणि तिचा नातू होता. त्यांना लातूरला दवाखान्यात पोचवायचं होतं. डिकीत पायपंप होता, पण चार चाकं भरायला वेळ लागला असता, आणि आजी कण्हत होती. अण्णा तसेच डांबरावर आले. औशाच्या अलीकडे एका सखल जागी रस्त्यावर पाणी साचलं होतं. गाडी सत्तरच्या आसपास असेल. स्टिअरिंग अचानक हलकं झालं, ब्रेकचा उपयोग होईना, गाडी गोल फिरून वावरात उतरली. कोणाला नवी इजा झाली नाही, पण काळ्या मातीने गाडी धरून ठेवली. दीड-दोन तासांनी एका ट्रॅक्टरवाल्याने आजीला आणि नातवाला पुढे नेलं. त्यांचं काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही.

घरात ही गोष्ट एकाच वाक्यात सांगितली जायची, "अण्णांनी ब्रेक जोरात दाबला."

टायर निवडताना वाचत बसलो तेव्हा मला नासाचं काम सापडलं. वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी १९६३ मध्ये विमानांची चाकं ओल्या धावपट्टीवर का घसरतात ते मांडलं. चाकाला पुढचं पाणी बाजूला सारावं लागतं. वेग वाढला की पाण्याला सरकायला वेळ मिळत नाही, ते चाकाखाली पाचरीसारखं घुसतं आणि चाक रस्ता सोडून पाण्यावर चढतं. हे कोणत्या वेगाला होईल ते मुख्यतः टायरमधल्या हवेच्या दाबावर ठरतं. हिशोब सोपा आहे. दाब पाउंडमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा आणि साधारण १६.७ ने गुणा. उत्तर ताशी किलोमीटरमध्ये येतं. पाणी नक्षीच्या खोलीपेक्षा जास्त असलं, किंवा टायर गुळगुळीत असला, तर हा आकडा लागू पडतो.

अण्णा नेहमी २५ ची हवा ठेवायचे. वर्गमूळ ५, वेग ८३. चिखलासाठी हवा १६ वर आणली असेल तर वर्गमूळ ४, वेग ६७. गाडी सत्तरला होती.

म्हणजे ब्रेकचा दोष नव्हता. चाक रस्त्यावर टेकलेलंच नव्हतं, ब्रेक धरणार कशाला? चिखलात ज्या युक्तीने गाडी बाहेर काढली, तिनेच डांबरावर गाडी घालवली. मऊ जमिनीला कमी हवा लागते, पाणी साचलेल्या डांबराला पुरेशी हवा लागते. दोन्ही रस्ते एका वाटेवर आले की मध्ये थांबून पंप मारावाच लागतो.

हे अण्णांना सांगावं की नाही, यावर मी आठवडाभर अडून होतो. पायाचा दोष काढून तो हाताला लावण्यासारखं होतं. शेवटी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सदऱ्याच्या खिशातून हवा मोजायचं छोटं गेज काढलं. ते मी लहानपणापासून त्यांच्या खिशात पाहत आलो होतो, सवय समजत होतो.

"मला त्याच रात्री कळलं होतं बाळा," ते म्हणाले. "लोक ब्रेक म्हणाले, मी म्हणू दिलं. पंप डिकीत होता, हे कुणाला सांगणार?"

मी काय ठरवलं तेही सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणाच्या तरी दारात आजोबांची फियाट किंवा अ‍ॅम्बेसेडर उभी असेल. चारही चाकांना एकाच प्रकारचे टायर घाला. पुढे रेडियल आणि मागे नायलॉन असं तर कधीच नको, मागची बाजू आधी सुटते. दिसायला भारदस्त म्हणून फार रुंद टायर घेऊ नका, रुंद चाकाला जास्त पाणी सारावं लागतं. जुनी गाडी कमी फिरते, त्यामुळे नक्षी शाबूत दिसते आणि रबर मात्र कडक झालेलं असतं. बाजूवर चार आकडे बघा. २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली तर कायद्यानेही टायर बाद. हवा सकाळी, चाक थंड असताना मोजा.

मी मापाला जवळचे, अरुंद रेडियल घातले. मूळ नायलॉनचा जुना थाट गेला, हे खरं. गेल्या पावसाळ्यात नांदेडहून लातूरला निघालो तेव्हा अण्णा दारापर्यंत आले, वाकून एकेका चाकाला गेज लावलं आणि मग ते माझ्या हातात दिलं.

"पाणी साचलेलं दिसलं की पन्नासच्या खाली ये," म्हणाले. "घाई कितीही असू दे."