कोऱ्या ध्वनिफितींचे बहिरंग परीक्षण : मुंबई उपनगरांच्या ध्वनिस्मृतीचे एक साधन

प्रास्ताविक

कागदपत्र हाती आले की इतिहासाचा अभ्यासक प्रथम कागद, शाई व अक्षरवळण तपासतो. ध्वनिफितीच्या बाबतीत मात्र असे बहिरंग परीक्षण क्वचितच केले जाते. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या उपनगरांतील घरांत व संस्थांत कॅसेटींच्या रूपाने मोठे साधनद्रव्य पडून आहे. कोऱ्या फितींच्या प्रकारांची तुलना करून तिचे इतिहासदृष्ट्या महत्त्व स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

फितींचे प्रकार

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बर्लिन येथील प्रदर्शनात कॉम्पॅक्ट कॅसेट सादर केली. फितीची रुंदी ३.८१ मिलिमीटर व वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर होता. सर्वसाधारण फितीवर लोहऑक्साइडचा लेप असे. ध्वनिमुद्रण करताना मूळ संकेतात अतिउच्च वारंवारितेचा जो प्रवाह मिसळतात त्याला 'बायस' म्हणतात. क्रोमियम डायऑक्साइडच्या फितीला तो अधिक लागतो. म्हणून ती 'हाय-बायस' किंवा दुसऱ्या प्रकारची फीत ठरली. क्रोमियम डायऑक्साइडचे एकस्व ड्यूपाँ कंपनीकडे असल्याने जपानी उत्पादकांनी कोबाल्टचा थर दिलेल्या लोहऑक्साइडचा पर्याय शोधला. १९७५ मध्ये आलेली टीडीके कंपनीची 'एसए' फीत याच वर्गातील होय. बीएएसएफने क्रोमियम डायऑक्साइडची परंपरा पुढे चालवली, तर मॅक्सेलची 'एक्सएल-टू' कोबाल्टच्या मार्गाने गेली. वेष्टनावर प्रकार एकच छापलेला असला, तरी आतील द्रव्य भिन्न होते.

सूर बदलणारा भेद

पहिल्या प्रकारासाठी १२० मायक्रोसेकंद, तर दुसऱ्यासाठी ७० मायक्रोसेकंद अशी समकरणाची प्रमाणे होती. हाय-बायस फीत चुकीने १२० वर वाजवल्यास वरच्या पट्टीतील ध्वनी सुमारे साडेचार डेसिबलने वाढतो. उलट केल्यास आवाज मंद व दबलेला भासतो. म्हणजे गायिकेच्या आवाजाचा पोत किंवा वक्त्याच्या उच्चारातील धार याविषयी काढलेला निष्कर्ष यंत्रावरील एका कळीमुळे चुकू शकतो. फितीच्या कवचावरील खाचांवरून प्रकार ओळखता येतो. परंतु क्रोम फितीवर १२० मायक्रोसेकंदाने मुद्रित केलेल्या व्यापारी कॅसेटीही निघाल्या होत्या. त्यामुळे खाच हा पुरावा आहे, निर्णय नव्हे.

उपनगरीय संदर्भ

महाग हाय-बायस फितीवर तबकडीतील संगीत उतरवून घेण्याकडे हौशी श्रोत्यांचा कल असणे स्वाभाविक होते. सभा, कीर्तन, शाहिरी, घरातील वृद्धांचे बोलणे यांसाठी मात्र हाताशी असेल ती साधी फीत वापरली जाई. यातून एक विपरीत स्थिती निर्माण होते. उत्तम फितीवरील मजकुराची मूळ तबकडी अन्यत्र उपलब्ध असते. हलक्या फितीवरील मजकूर बहुधा एकमेव असतो.

घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी झालेल्या गोळीबारात दहा जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. त्यांचा आवाज पुढील पिढीपर्यंत पोहोचला तो प्रामुख्याने आनंद पटवर्धन यांच्या चित्रपटांतून. ज्या शाहिरांच्या वाट्याला कॅमेरा आला नाही, त्यांच्यासाठी साधी कॅसेट हेच दफ्तर आहे.

जतनाचा प्रश्न

१९८८ मध्ये स्थापन झालेल्या व दहिसर येथे कार्य करणाऱ्या 'स्पॅरो' या स्त्रीविषयक अभिलेखागाराने मौखिक इतिहासाचे पद्धतशीर संकलन करता येते, हे दाखवून दिले. घरोघरी विखुरलेल्या फितींना असे छत्र नाही. पावसाळ्यातील दमटपणामुळे बुरशी लागते, दाबपट्टीचा गोंद सुटतो. १२० मिनिटांच्या कॅसेटीतील जेमतेम ९ मायक्रॉन जाडीची फीत तर सहज ताणली जाते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून दोन बाबी स्पष्ट होतात. फितीचा प्रकार, कवचावरील खुणा व वापरलेले समकरण यांची नोंद अंकीय प्रतीसोबत ठेवणे आवश्यक आहे. तसेच जतनाचा अग्रक्रम फितीच्या प्रतीवरून नव्हे, तर मजकुराच्या दुर्मीळतेवरून ठरावा. उपनगरांतील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांच्या घरांपासून हे सर्वेक्षण सुरू केल्यास फार खर्च येणार नाही. विलंब झाल्यास मात्र केवळ कवचेच उरतील.