१२३४५६७८९८७६५४३२१ (संख्या)

१२३४५६७८९८७६५४३२१ ही १७ अंकी विषम पूर्ण वर्गसंख्या आहे. नऊ वेळा १ लिहून तयार होणाऱ्या १११११११११ या संख्येचा तो वर्ग होय. डावीकडून वा उजवीकडून वाचली तरी ती सारखीच राहते. गणितज्ञ द. रा. कापरेकर यांनी अभ्यासलेल्या डेम्लो संख्यांपैकी ही एक आहे.

रचना

१११११११११ ला त्याच संख्येने उभ्या मांडणीने गुणल्यास नऊ ओळी मिळतात. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली असते. त्यामुळे निरनिराळ्या स्तंभांत १ हा अंक अनुक्रमे १, २, ३ असा वाढत ९ वेळा येतो आणि पुढे तसाच कमी होत जातो. कोणत्याही स्तंभाची बेरीज ९ पेक्षा अधिक होत नसल्याने हातचा घ्यावा लागत नाही व अंकांचा क्रम अबाधित राहतो.

दहा वेळा १ घेतल्यास मधल्या स्तंभाची बेरीज १० होते, हातचा येतो आणि आकृतिबंध मोडतो:

१११११११११११ नव्हे, तर १११११११११११ पेक्षा एक अंक कमी असलेल्या ११११११११११ चा वर्ग = १२३४५६७९००९८७६५४३२१

म्हणजे ही मर्यादा दशमान पद्धतीमुळे येते. अष्टमान पद्धतीत ती सात एकांवरच संपते.

गुणधर्म

* मूळ अवयव: ३<sup>४</sup> × ३७<sup>२</sup> × ३३३६६७<sup>२</sup>
* विभाजकांची संख्या: ५ × ३ × ३ = ४५
* अंकांची बेरीज: ८१. या बेरजेने संख्येला निःशेष भाग जातो, म्हणून ती हर्षद संख्याही आहे. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो. तो १२३४५६७९ चा वर्ग आहे.
* संख्येला ८१ ने गुणल्यास ९९९९९९९९९ चा वर्ग, म्हणजे ९९९९९९९९८००००००००१ मिळतो.

डेम्लो संख्या

डेम्लो संख्येचे तीन भाग पाडता येतात. पहिल्या व शेवटच्या भागांच्या बेरजेत एकच अंक पुन्हा पुन्हा येतो आणि मधला भागही त्याच अंकाचा असतो. येथे १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९ असून मधला अंक ९ आहे. १२१, १२३२१, १२३४३२१ याही याच मालिकेतील संख्या होत.

डहाणू येथे १९०५ मध्ये जन्मलेले कापरेकर नाशिकजवळील देवळाली येथे शालेय शिक्षक होते. 'डेम्लो' हे नाव त्यांनी तत्कालीन जी.आय.पी. रेल्वेवरील स्थानकावरून, म्हणजे आजच्या डोंबिवलीवरून दिले. 'हर्षद' ही संज्ञाही त्यांचीच; 'आनंद देणारी' असा तिचा अर्थ आहे.

संगणकीय गणन

ही संख्या २<sup>५३</sup> पेक्षा मोठी व विषम असल्याने ६४ बिटांच्या नेहमीच्या दशांश-चिन्ह मांडणीत ती अचूक साठवता येत नाही. केवळ १५ सार्थ अंक राखणाऱ्या तक्ता-प्रणालीत ती १२३४५६७८९८७६५४३०० अशी दिसते. कागदावरील गुणाकारात मात्र तिचे सर्व १७ अंक अचूक मिळतात.