सहांतली दोन

१७८३च्या उन्हाळ्यात मोझार्ट साल्झबुर्गला वडिलांच्या घरी आला. बरोबर पत्नी कॉन्स्टान्झे होती; सासऱ्यांशी तिची ही पहिलीच भेट, आणि लग्न तर त्यांच्या मनाविरुद्ध झालेले. शिवाय गावचा सत्ताधीश म्हणजे आर्चबिशप कोलोरेदो. त्याची चाकरी मोझार्टने १७८१ मध्ये सोडली होती, आणि निरोपादाखल कारभारी काउंट आर्कोची लाथ खाल्ली होती.

याच कोलोरेदोच्या पदरी मिखाएल हायडन होता, योसेफ हायडनचा धाकटा भाऊ. कथा अशी, की आर्चबिशपने त्याच्याकडे व्हायोलिन-व्हायोलासाठी सहा युगुलरचना मागितल्या; चार झाल्या आणि तो आजारी पडला. काम अपुरे म्हणून पगार अडणार, हे कळल्यावर मोझार्टने उरलेल्या दोन लिहून दिल्या आणि त्या हायडनच्याच नावाने रुजू झाल्या. कोखेलच्या सूचीतील क्रमांक ४२३ व ४२४ त्या ह्याच.

हे सांगितले आहे हायडनच्या शिष्यांनी, १८०८ मध्ये. तोवर मोझार्ट (१७९१) आणि हायडन (१८०६) दोघेही गेले होते. गुरूविषयीचे प्रेम आणि आख्यायिकेची गोडी यांचा त्यात किती वाटा, हा प्रश्न रास्तच आहे. मात्र डिसेंबर १७८३ मध्ये मोझार्ट व्हिएन्नाहून वडिलांना लिहितो, की ती दोन युगुले लवकर पाठवा. नाव दिले असेलही. पण रचनेवरचा हक्क सोडला नव्हता, असे मला यावरून वाटते.

आणि नाव झाकले तरी हात झाकत नाही. हायडनच्या चार रचनांत बोलते ते मुख्यतः व्हायोलिन. व्हायोला बव्हंशी साथीला. मोझार्टला स्वतः व्हायोला वाजवायला आवडे. त्याच्याकडे हे खालच्या पट्टीचे वाद्य प्रश्न विचारते, प्रतिवाद करते, वाक्य मध्येच उचलून पुढे नेते. मंद्राची बाजू सांभाळायला चेलो नाही. तो भारही त्याच्याच तारांवर. दोन तारा एकदम छेडल्या की दोघांच्या मैफलीत तिसरा-चौथा कोणी येऊन बसल्याचा भास होतो. ४२४च्या आरंभीचा संथ, गंभीर आडाजिओ ऐकावा. कोलोरेदो स्वतः व्हायोलिन वाजवत असे; त्याला काहीच खटकले नसेल?

या देवघेवीची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. मिखाएलने त्याच वर्षी, २३ मे रोजी, एक जी मेजर सिंफनी पूर्ण केली होती. मोझार्टने तिला संथ प्रस्तावना जोडली, आणि एवढ्यावरून ती सबंध कृती पुढे मोझार्टची ३७वी सिंफनी म्हणून छापली, वाजवली, नावाजली गेली. १९०७ मध्ये लोथार पेर्गरने खरा कर्ता दाखवून दिला. मोझार्टच्या सिंफनींच्या रूढ क्रमात ३६ नंतर अजूनही एकदम ३८ येते.